आधी क्रूस, मग शास्त्र : पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी यहुदी ग्रंथांत मशीहा कसा वाचला

अक्षरवाट (धागाकर्ता)

जुन्या कराराविषयी, म्हणजे ख्रिस्ती बायबलात आलेल्या यहुदी शास्त्राविषयी, आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे, की त्यात येशूबद्दल शेकडो भाकिते आहेत आणि ती अक्षरशः खरी ठरली. दुसरे असे, की ख्रिस्ती लेखकांनी यहुद्यांची वचने संदर्भातून उचकटली आणि आपल्या सोयीने लावली. पहिल्या-दुसऱ्या शतकातले हे लेखक मी बराच काळ वाचतो आहे आणि मला दोन्ही मते अपुरी वाटतात. दोन्हींच्या बुडाशी एकच समजूत आहे: भाकितांची यादी आधी तयार होती आणि येशूला तिच्याशी ताडून पाहिले गेले. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. आधी क्रूस होता. त्याचा अर्थ लागेना, म्हणून शास्त्र उघडले गेले.

त्या काळच्या यहुदी समाजात मशीहाविषयी, म्हणजे देवाने अभिषेक केलेल्या तारणाऱ्याविषयी, एकच एक कल्पना नव्हती. 'शलमोनाची स्तोत्रे' नावाचा इ.स.पू. पहिल्या शतकातला एक संग्रह आहे. त्याच्या सतराव्या स्तोत्रात दाविदाच्या वंशातला राजा येऊन यरुशलेम परकीयांपासून मुक्त करतो. मृत समुद्राकाठच्या कुम्रान पंथाला दोन अभिषिक्तांची अपेक्षा होती, एक याजक आणि एक राजा. पण रोमन अधिकाऱ्याने खांबावर टांगून मारलेला मशीहा कोणाच्याच अपेक्षेत नव्हता. उलट मोशेच्या पाचव्या ग्रंथाच्या, म्हणजे 'अनुवाद' ग्रंथाच्या, एकविसाव्या अध्यायात टांगलेल्या माणसावर देवाचा शाप असतो असे स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या शतकातला प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण वाटतो. तो स्वतः परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांच्या, परंपरेत वाढलेला. ती अडखळण त्याने आधी स्वतः अनुभवली होती.

येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदी होते हे आपण फार लवकर विसरतो. संकट, पराभव, निर्वासन यांचा अर्थ लावण्याची त्यांच्याकडे एकच भाषा होती, ती म्हणजे मोशे, संदेष्टे आणि स्तोत्रे. म्हणून ते स्तोत्रांकडे गेले. बाविसावे स्तोत्र घ्या. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा एका छळलेल्या माणसाचा आक्रोश आहे. 'पुढे असे होईल' असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि येशूच्या आधीच्या यहुदी साहित्यात ते मशीहाला लावलेले सापडत नाही. मार्क मात्र आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, वधस्तंभाचा प्रसंग जवळजवळ त्याच स्तोत्राच्या शब्दांनी सांगतो. वस्त्रे वाटून घेणे, डोकी हलवून केलेली निंदा आणि शेवटी तो आक्रोश. 'अमुक वचन पूर्ण झाले' असेही तो त्या ठिकाणी म्हणत नाही. योहान आपल्या शुभवर्तमानात म्हणतो. मार्ककडे स्तोत्र ही दुःख सांगण्याची भाषा आहे, योहानाकडे पोचेपर्यंत ती पूर्ण झालेली वाणी झाली आहे. पुढच्या दीडशे वर्षांत जे घडले त्याची सुरुवात मला या एवढ्याशा अंतरात दिसते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातले एक उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. हेरोदाच्या भीतीने बाळ येशूला मिसरात नेतात, तेथून परत आणतात, आणि मत्तय होशेय संदेष्ट्याचे वचन देतो: "मी आपल्या पुत्राला मिसर देशातून बोलावले." होशेयच्या अकराव्या अध्यायात हा पुत्र म्हणजे इस्राएल आहे, आणि वाक्य भूतकाळातले आहे. पुढच्याच ओळीत या पुत्राने मूर्तींपुढे धूप जाळल्याची तक्रार येते. मत्तयाला हे ठाऊक नव्हते असे मानणे मला शक्य वाटत नाही, आणि त्याचे पहिले वाचक तर होशेय ऐकतच वाढले असणार. त्याला भाकीत सिद्ध करायचे नव्हते. इस्राएलाचे सगळे आयुष्य हा एक माणूस पुन्हा जगला, मिसरातून निघाला, पाण्यातून गेला, रानात चाळीस दिवस राहिला, असे त्याला म्हणायचे होते.

ही वाचनपद्धत ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेली नाही. 1947 पासून कुम्रानच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या, त्यांत हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथावरचे एक भाष्य आहे. हबक्कूक लिहितो खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांविषयी. भाष्यकार ती वचने थेट आपल्या काळच्या 'कित्तीम' लोकांना, म्हणजे बहुधा रोमनांना लावतो. तो पुढे असेही सांगतो की शेवटच्या पिढीवर काय येणार हे देवाने हबक्कूककडून लिहून घेतले, पण काळ कधी भरेल ते त्याला कळवले नाही, ते रहस्य त्यांच्या पंथाच्या 'नीतिमत्तेच्या गुरू'ला उलगडले. संदेष्ट्याला स्वतःच्या शब्दांचा पूर्ण अर्थ माहीत नसतो, तो आपल्या काळात आपल्या गुरूमुळे उघडतो, हीच पुढे ख्रिस्ती वाचनाची पायाभूत भूमिका झाली. "नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल" हे हबक्कूकचे एकच वचन कुम्रानचा भाष्यकार नियमशास्त्र पाळणाऱ्या आणि त्या गुरूवर निष्ठा ठेवणाऱ्या लोकांना लावतो, तर पौल ते रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना येशूवरच्या विश्वासाला लावतो. रीत एक, गुरू वेगळे.

तेव्हा 'संदर्भ तोडला' हा आरोप लावायचा तर तो त्या काळच्या सगळ्याच यहुदी वाचकांवर लावावा लागेल. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. घरातला हा वाद घराबाहेर केव्हा गेला, आणि गेल्यावर त्याचे काय झाले? त्यावर इथे बोलावे असे वाटते.

प्रश्नार्थी

लेख आवडला, पण तुम्ही मत्तयाला जरा सहज सोडलेत. यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायातले कुमारीला मूल होण्याचे वचन तो येशूच्या जन्माला लावतो, त्याचे काय? मूळ हिब्रूत 'तरुण स्त्री' आहे आणि ग्रीक भाषांतरात 'कुमारी' झाले, एवढ्यावरच सगळा डोलारा उभा आहे ना?

अक्षरवाट

प्रश्नार्थी, त्या एका शब्दावर दोन हजार वर्षे भांडण चालले आहे. पण शब्द बाजूला ठेवून तो सगळा अध्याय वाचा. इ.स.पू. 735 च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमेत अहाज राजा घाबरला आहे, कारण अरामाचा रसीन आणि उत्तरेच्या इस्राएलाचा पेकह हे दोघे मिळून त्याच्यावर चालून आले आहेत. यशया त्याला चिन्ह देतो: एक मूल जन्मेल, आणि त्याला बरेवाईट कळू लागण्याआधीच या दोन्ही राजांचे देश ओसाड पडतील. अरामाचे दिमिष्क पडले इ.स.पू. 732 मध्ये, इस्राएलाचे शोमरोन 722 च्या सुमारास. सातशे वर्षांनी होणारा जन्म अहाजला त्याच्या संकटात काय दिलासा देणार? शब्दाचा अर्थ कोणताही घेतला तरी ही अडचण राहतेच.

आणि ही अडचण आधुनिक अभ्यासकांनी काढलेली नाही. ती दुसऱ्या शतकातच मांडली गेली आणि एका ख्रिस्ती लेखकाने आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवली. तो लेखक जस्टिन. शोमरोन प्रांतातल्या फ्लाविया नेआपोलिस म्हणजे आजच्या नाब्लुसचा, जन्माने मूर्तिपूजक, तत्त्वज्ञानाच्या शाळा हिंडलेला. समुद्राकाठी भेटलेल्या एका वृद्धाने त्याला संदेष्टे वाचायला सांगितले आणि तो ख्रिस्ती झाला असे तो स्वतः लिहितो. रोममध्ये 165 च्या सुमारास त्याला मृत्युदंड झाला. 'त्रिफोशी संवाद' हा त्याचा 142 प्रकरणांचा ग्रंथ. त्रिफो हा बार कोखबाच्या रोमनांविरुद्धच्या युद्धातून (132 ते 135) पळून ग्रीसमध्ये आलेला यहुदी आहे. तो खरा होता की जस्टिनने कल्पिला यावर मतभेद आहेत, पण त्याचे आक्षेप पोकळ नाहीत. तो म्हणतो, यशयाचे हे वचन अहाजचा मुलगा हिज्कीया याच्याविषयी आहे. एकशे दहावे स्तोत्रही त्याचे शिक्षक हिज्कीयालाच लावतात, आणि बहात्तरावे शलमोनाला.

जस्टिनचे सगळ्यात प्रभावी उत्तर म्हणजे दोन आगमनांची कल्पना. शास्त्रात मशीहा कुठे दीन, सौंदर्यहीन, मारला गेलेला दिसतो, तर दानीएलच्या सातव्या अध्यायात मेघांवर स्वार होऊन येतो. जस्टिन म्हणतो, ही दोन वेगळी येणी आहेत, एक होऊन गेले, दुसरे व्हायचे आहे. त्रिफो एका टप्प्यावर मान्य करतो की मशीहाने दुःख सोसावे हे शास्त्रातून निघू शकते. पण शापित मानलेले असे मरण त्याला का यावे, ते दाखव, असा तो आग्रह धरतो. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. दोघेही नेमक्या त्याच दगडाला अडखळतात ज्याबद्दल पौलाने लिहिले होते.

उत्तरादाखल जस्टिन लाकूड आणि पसरलेले हात शोधत शास्त्रभर फिरतो. अमालेकाशी लढाई चालू असताना हात पसरून उभा मोशे, रानातला पितळी साप, आडव्या-उभ्या सळ्यांवर भाजलेले वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचे, कोकरू. कधी कधी तो फारच ताणतो. शहाण्णवाव्या स्तोत्रात "प्रभूने लाकडावरून राज्य केले" असे होते आणि यहुद्यांनी 'लाकडावरून' हे शब्द काढून टाकले, असा आरोपही तो करतो. ते शब्द हिब्रू पोथ्यांत कुठेच नाहीत. ती ख्रिस्ती वाचकाची भर होती, आणि जस्टिन तिलाच मूळ पाठ समजत होता.

अष्टमीकर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणच्या यहुदी समाजातील. आजोबा रायगड जिल्ह्यातले, आता आम्ही अश्दोदला असतो. त्रिफोच्या तोंडचे आठव्या प्रकरणातले एक वाक्य तुम्ही घेतले नाहीत, ते मला फार जवळचे आहे. तो म्हणतो, मशीहा जन्मलाही असेल, कुठेतरी असेलही, पण एलिया संदेष्ट्याने येऊन त्याला अभिषेक करेपर्यंत तो अज्ञात आहे, त्याचे त्यालाही ठाऊक नाही.

आमच्या घरांत एलियाहू हनाबीचे, म्हणजे त्याच एलियाचे, नाव घेतल्याशिवाय कोणतेही शुभकार्य पार पडत नाही. मलिद्याचे ताट, त्यात पोहे, गूळ, खोबरे, फळे, आणि भोवती बसून म्हटलेली प्रार्थना. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर आहे असे आमचे लोक मानतात आणि आज इस्राएलातून येणारी कुटुंबेही तिथे नवस फेडतात. मलाखीने सांगितले आहे की परमेश्वराचा महान दिवस येण्यापूर्वी एलिया येईल. तो अजून यायचा आहे, हे आम्ही गातो.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू म्हणतो, तुमची मानायची तयारी असेल तर जो एलिया येणार तो हाच, म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. जस्टिनही त्रिफोला तेच सांगतो आणि वर जोडतो की दुसऱ्या आगमनाआधी एलिया स्वतः येईल. म्हणजे दोघांचीही वाट पाहणे संपलेले नाही. हे वाचताना मला त्रिफोशी भांडण वाटत नाही आणि जस्टिनशीही नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात आमच्या पूर्वजांपर्यंत शास्त्र मराठीतून पोचले ते बऱ्याच अंशी मिशनऱ्यांमुळे. 1829 मध्ये मुंबईला आलेल्या जॉन विल्सन यांनी आमच्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, ते 1832 मध्ये निघाले. मिशनच्या शाळांत आमची मुले जुना करार शिकली. त्या शिकवण्यामागे जस्टिनचाच हेतू होता: हे नीट वाचाल तर तुम्हांला ख्रिस्त दिसेल. आमच्या लोकांनी भाषा घेतली, व्याकरण घेतले, ग्रंथ घेतला आणि तो अर्थ फारच थोड्यांनी घेतला. शिकवणाऱ्यांविषयी घरात नेहमी आदरानेच बोलले गेले.

निर्मळवाट

अष्टमीकर, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे शुभ शुक्रवारी पहिले वाचन यशयाचे असते, बावन्नाव्या अध्यायाच्या शेवटापासून त्रेपन्नाव्याच्या शेवटापर्यंत. "तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला." झावळ्यांच्या रविवारी बाविसावे स्तोत्र गातात. लहानपणापासून हे शब्द कानावर पडताना डोळ्यांसमोर दुसरे कोणी आलेच नाही, येऊ शकले नसते. अक्षरवाट म्हणतात तसा आधी क्रूस आणि मग शास्त्र हा क्रम मला अभ्यासातून कळला, पण श्रद्धेतही तो तसाच आहे असे मला वाटते. लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे म्हणतात, "आमची आशा होती की इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच." आशा मोडल्यावरच त्यांना मोशेपासून पुढे सगळे पुन्हा समजावून सांगितले जाते. शास्त्र त्यांना आधीही पाठ होतेच की.

आपल्या भाषेत हे वाचन किती जुने आहे याची नोंद करते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, मराठी ओव्यांत. त्याचे दोन भाग आहेत. पैले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा सांगते, आणि सगळी कथा तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून चालते. दुसरे पुराण त्या तारणाऱ्याचे. जुना करार हा स्वतंत्र ग्रंथ म्हणून नव्हे तर पहिला खंड म्हणून वाचायचा, ही दुसऱ्या शतकातली रचना स्टीफन्सने सासष्टीच्या लोकांपुढे पुराणाच्या रूपात उभी केली. मला ती ओवी प्रिय आहे. पण त्या दोन पुराणांच्या मांडणीत आजचे जिवंत यहुदी वाचक कुठे बसतात, हा प्रश्न तुमच्यामुळे मला पहिल्यांदा पडला.

शिलालेखी

आतापर्यंतची चर्चा फार सौम्य झाली. कठोर बाजू मी मांडतो, कारण ती वगळली तर धागा खोटा ठरेल.

जस्टिनच्याच एकोणतिसाव्या प्रकरणात तो त्रिफोला म्हणतो, ही वचने तुमच्या शास्त्रात आहेत, किंवा तुमच्या नव्हे, आमच्या. एवढ्याच शब्दांत मालकी बदलली. पौल गैरयहुद्यांना सांगत होता की तुम्ही रानटी ऑलिव्हच्या फांद्या, मूळ झाडाला कलम केलेल्या, तेव्हा गर्व करू नका. जस्टिनच्या पिढीत कलम केलेली फांदी झाड आपलेच आहे असे म्हणू लागली.

'बर्णबाचे पत्र' हे ख्रिस्ती लेखन तर त्याहून पुढे जाते. यरुशलेमेचे मंदिर 70 मध्ये पडले त्यानंतरचे आणि साधारण 135 च्या आधीचे हे लेखन. त्याच्या मते यहुद्यांनी करार सीनायच्या पायथ्याशीच गमावला, मोशेने पाट्या फोडल्या तेव्हाच. खाण्यापिण्याचे नियमही शब्दशः पाळायचे नव्हतेच म्हणे, ते सगळे रूपक होते. अब्राहामाच्या 318 सेवकांचा त्याने लावलेला अर्थ पाहा. ग्रीकमध्ये अक्षरेच आकडे म्हणून वापरत. दहा आणि आठ ही येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे, आणि तीनशेचे अक्षर 'ताउ' क्रूसाच्या आकाराचे. झाला अब्राहामाला क्रूस ठाऊक! लेखक मोठ्या समाधानाने सांगतो की याहून अस्सल शिकवण माझ्याकडून कोणी ऐकलेली नाही. उत्पत्तीचा ग्रंथ मुळात हिब्रूत आहे आणि हा सगळा खेळ ग्रीक अक्षरांवर चालतो, हे त्याच्या मनात येत नाही.

पण मला खरोखर अस्वस्थ करतो तो मेलितो. आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या सार्दिस नगरीचा हा बिशप, काळ 160 ते 170 च्या आसपास. वल्हांडणावरचे त्याचे प्रवचन शतकानुशतके हरवलेले होते, ते पपायरसवर मिळाले आणि 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. भाषा विलक्षण सुंदर आहे. त्यात तो शास्त्र वाचण्याचा सिद्धांत मांडतो: कारागीर आधी मेणाचा, मातीचा किंवा लाकडाचा नमुना करतो, आणि खरी वस्तू उभी राहिली की नमुन्याचा उपयोग संपतो. वल्हांडणाचे कोकरू हा नमुना, ख्रिस्त ही वस्तू. इसहाक बांधला गेला, योसेफ विकला गेला, मोशे उघड्यावर टाकला गेला, त्या सगळ्यांत तोच होता असे तो गातो. आणि त्याच प्रवचनाच्या शेवटाकडे इस्राएलावर देवालाच मारल्याचा आरोप येतो. या आरोपाने पुढे युरोपात किती रक्त सांडले ते सर्वांना माहीत आहे. पूर्ण झालेल्या इमारतीपुढे नमुना टाकाऊ ठरतो, या विचारातच तो आरोप दडलेला होता, असे माझे ठाम मत आहे. सार्दिसमध्ये उत्खननात प्राचीन काळातले एक प्रचंड सभास्थान सापडले आहे. त्याचे आजचे रूप मेलितोनंतरचे, पण शहरात यहुदी वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. नमुना टाकून दिलेला नव्हता. तो मेलितोच्या शेजारी राहत होता, दर शनिवारी शास्त्र वाचत होता.

अक्षरवाट

शिलालेखी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. मेलितोबद्दल एक भर घालतो. जुन्या करारात नेमके कोणते ग्रंथ येतात याची खात्री करायला हाच माणूस पूर्वेकडे गेला आणि यादी घेऊन आला. मंडळीचा इतिहासकार युसेबियसने ती जपली आहे. ज्यांना त्याने नमुना म्हटले त्यांचा ग्रंथसंग्रह त्याला नेमका हवा होता.

पण या सगळ्या आटापिटीमागची भीती समजायला मार्कियोन पाहावा लागतो. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा हा गृहस्थ 144 मध्ये रोमच्या मंडळीतून बाहेर पडला. त्याचे म्हणणे असे: यहुदी शास्त्रातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. रूपके नकोत, शास्त्र जसे लिहिले तसेच वाचा. त्यात ज्या मशीहाचे वचन आहे तो यहुद्यांचा राजा आहे आणि अजून यायचा आहे, येशूचा त्याच्याशी संबंध नाही. त्याने जुना करार सोडला आणि नव्यातही लूकचे शुभवर्तमान व पौलाची पत्रे काटछाट करून तेवढीच ठेवली.

गंमत नव्हे, फार गंभीर गोष्ट आहे ही: वचनांच्या अर्थाबाबत मार्कियोन त्रिफोच्या बाजूला आहे. दोघेही म्हणतात की यशया आपल्या काळाविषयी बोलतो. म्हणून ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यनने मार्कियोनविरुद्ध पाच खंड लिहिले तेव्हा त्याला मशीहाविषयीची तीच वचने पुन्हा लढवावी लागली, या वेळी एका ख्रिस्ती माणसाशी. मशीहावाचन सुटले असते तर मंडळीने जुना करारच सोडून दिला असता. स्तोत्रे गेली असती, उत्पत्तीचा पहिला अध्याय गेला असता. ज्या वाचनाने यहुद्यांकडून ग्रंथ हिरावल्याचा दावा केला, त्याच वाचनाने तो ग्रंथ ख्रिस्ती घरात जिवंतही ठेवला. यातले एकच सांगणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नार्थी

मग यशयाचा त्रेपन्नावा अध्याय? निर्मळवाट म्हणतात त्या वचनांत तर मला स्वतःला दुसरे कोणी दिसत नाही, आणि मी ख्रिस्तीही नाही.

अष्टमीकर

कारण तुम्ही तो अध्याय एकटा वाचता. एकेचाळिसाव्यापासून वाचत या. "हे इस्राएला, माझ्या सेवका" हे संबोधन एकेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणपन्नास या अध्यायांत येते. बाबेलच्या बंदिवासात गेलेले राष्ट्र, तुच्छ लेखलेले, मेल्यात जमा झालेले, आणि इतर राजे त्याच्याकडे पाहून तोंड मिटतात. अकराव्या शतकात राशी या यहुदी भाष्यकाराने हाच अर्थ केला आणि आमच्याकडे तोच रूढ आहे.

अर्थात आमच्याही परंपरेत एकच सूर नाही. यशयाच्या तार्गुमात, म्हणजे आरामी भाषांतरात, या सेवकाला उघडपणे मशीहा म्हटले आहे. मात्र तिथे दुःखे त्याच्यावरून काढून इतरांवर टाकली आहेत, आणि मशीहा विजयी राहतो.

अक्षरवाट

राशीच्याही आठशे वर्षे आधीचा पुरावा आहे, आणि तो एका ख्रिस्ती लेखकानेच जपला आहे. ऑरिगेन 248 च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सुसच्या आक्षेपांना उत्तर देताना सांगतो की एकदा यहुदी विद्वानांशी वाद करताना मी हा अध्याय पुढे केला. ते म्हणाले, हे एका माणसाविषयी नाही, विखुरल्या गेलेल्या सगळ्या लोकांविषयी आहे, आणि त्या विखुरण्यातून अनेक जण यहुदी धर्मात आले. ऑरिगेन त्यांना विचारतो, मग "माझ्या लोकांच्या अपराधांमुळे" तो मरणाला नेला गेला असे का लिहिले? सेवक म्हणजेच लोक असतील तर लोकांसाठी लोक कसे मरतील? आजही हा आक्षेप सगळ्यात भक्कम मानला जातो.

ऑरिगेनविषयी मला नितांत आदर आहे. जस्टिनने शब्द काढल्याचा आरोप केला, ऑरिगेनने पाठच शेजारी शेजारी मांडले. त्याच्या 'हेक्साप्ला'त सहा रकाने होते: हिब्रू, ग्रीक अक्षरांत लिहिलेले हिब्रू, मग चार ग्रीक भाषांतरे, म्हणजे अक्विलाचे, सिम्माखसचे, 'सत्तरांचे' आणि थेओदोशनचे. कैसरियात बसून त्याने हे प्रचंड काम केले, म्हणजे यहुद्यांशी बोलताना त्यांच्या पाठात नसलेले वचन कोणी पुढे करू नये. वाद कसा करावा हे मी त्याच्याकडून शिकतो.

प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, कूशी अधिकारी रथात बसून हाच अध्याय वाचतो आहे. तो येशूचा अनुयायी फिलिप्प याला विचारतो: संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्प उत्तर देतो, पण प्रश्न या ग्रंथाच्या लेखकाने, लूकने, पुसून टाकला नाही.

सांजकिनारा

वाचनमात्र होतो, राहवले नाही. सगळ्याच प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी असे सर्वत्र मशीहा शोधले का? कोणीच आवर घातला नाही?

शिलालेखी

घातला, आणि त्याची किंमतही मोजली. अंत्युखियाच्या परंपरेतला थेओदोर, 392 ते 428 मोप्सुएस्तियाचा बिशप. त्याने स्तोत्रांवर भाष्य लिहिताना ठरवले की प्रत्येक स्तोत्राला त्याचा स्वतःचा ऐतिहासिक प्रसंग आहे. मशीहाविषयी त्याने फक्त चार स्तोत्रे मानली: दुसरे, आठवे, पंचेचाळिसावे आणि एकशे दहावे. बाविसावे त्याच्या मते दाविदाचे, मुलगा अबशालोम याच्या बंडाच्या वेळचे. येशूने ते शब्द आपल्या वेदनेत उच्चारले म्हणून ते आधीपासून त्याच्याविषयीच होते असे ठरत नाही.

अक्षरवाटने पहिल्या लेखात मार्क आणि योहान यांच्यातले जे अंतर दाखवले, ते थेओदोरने पाचव्या शतकाच्या आरंभी ओळखले होते. तो मेल्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याला पाखंडी ठरवले गेले. मुख्य कारण ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचे त्याचे मत, पण स्तोत्रांचा हा अर्थही आरोपपत्रात होता. त्याचे पुष्कळ लेखन नष्ट झाले. जे वाचले त्यातला मोठा वाटा सिरियाक भाषेत, पूर्वेच्या मंडळीने सांभाळलेला. तिने त्याला 'भाष्यकार' ही पदवी दिली आणि कधीच टाकले नाही.

निर्मळवाट

शिलालेखी, यापुढचा एक दुवा माझ्याकडून. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने येशूच्या दुःखसहनाचा व मरणाचा दोष सगळ्या यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही असे जाहीर केले हे बहुतेकांना माहीत असते. 2001 मधला पोपच्या बायबल आयोगाचा दस्तऐवज कमी वाचला जातो. यहुद्यांनी आपल्या शास्त्राचे केलेले वाचन हे एक शक्य वाचन आहे असे त्यात ख्रिस्ती लोकांना उद्देशून म्हटले आहे, आणि मशीहाची त्यांची प्रतीक्षा व्यर्थ नाही असेही. आमच्या धर्मग्रामातल्या बायबल अभ्यासवर्गात मी हा दस्तऐवज वाचायला ठेवणार आहे, शुभ शुक्रवारच्या वाचनांची तयारी करताना. अष्टमीकर, एकेचाळीस ते त्रेपन्न हे अध्याय तुमच्याकडे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्बाथांना, म्हणजे शनिवारच्या उपासनांना, वाचतात ते सवडीने सांगाल का?

अष्टमीकर

नक्की. तिशा बआव, म्हणजे मंदिरनाशाच्या उपासानंतर, सात शब्बाथ आम्ही यशयातली सांत्वनाची वाचने करतो. पहिले चाळिसाव्या अध्यायाचे, "सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा." पुढची वाचने एकोणपन्नासाव्यापासून त्रेसष्टाव्यापर्यंतच्या अध्यायांतून येतात. त्यांतले एक बावन्नाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाला थांबते, आणि त्यानंतरचे चौपन्नाव्याच्या आरंभापासून सुरू होते. मधला सेवकाचा भाग सभास्थानात या वाचनांत येत नाही. का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तुमच्याकडे शुभ शुक्रवारी नेमका तोच भाग असतो, बावन्नाव्याच्या तेराव्या वचनापासून.